अण्णांच्या चौकशा

केजच्या बाजारात मेथीची जुडी निवडत होते, तेवढ्यात आमच्या गावच्या जीपवाल्यानं लांबूनच हाक मारली, "काकू, डेअरीचे अण्णा गेले सकाळी." जुडी तशीच खाली ठेवली. "कशानं?" एवढंच माझ्या तोंडून निघालं. "वय झालतं की," तो म्हणाला आणि सीट भरायला निघून गेला. परत येताना जीपमध्ये चेंगरून बसले होते तेव्हा मनात आलं, माझ्या जागी अण्णा असते तर हा असा सुटला नसता. किती वाजता गेले, उशाला कोण होतं, शेवटचं काय बोलले, हे तुला कुणी सांगितलं, आणि त्याला कुणी सांगितलं... गाव येईपर्यंत त्या जीपवाल्याला घाम फुटला असता. माझ्या डोळ्यांत पाणी होतं आणि हसूही आवरत नव्हतं. शेजारची बाई जरा सरकून बसली.

भानुदासअण्णा म्हणजे आमच्या गावच्या दूध संस्थेचे सचिव. संस्था निघाली तेव्हापासून हातपाय चालत होते तोवर तेच सचिव. उंच, किडकिडीत माणूस, मान पुढे काढून चालायचे. त्यामुळे आधी प्रश्न पोचायचा आणि मागून अण्णा. जनावरांच्या डॉक्टरला विचारायचे, "म्हैस रवंथ करताना काय इचार करीत आसंल हो?" तपासणीला आलेल्या साहेबांना विचारायचे, "परगावी झोप लागती का तुमाला?" साहेब बिचारे कागद बाजूला ठेवून खरंच विचारात पडायचे. गावानं त्यांचं नाव 'चौकशी समिती' ठेवलं होतं. नव्या सुना तर त्यांना बघून पदर सावरत दुसरी गल्ली धरायच्या, आणि मीही त्यातलीच होते. पण मी बारावी सायन्स झालेली, हे त्यांनी लग्नाच्या मांडवातच माझ्या वडिलांकडून काढून घेतलेलं. हळद उतरते न उतरते तोच मला डेअरीत फॅट काढायच्या कामावर बोलावणं आलं. तेव्हा आताची बटणाची मशीन नव्हती. दुधाच्या नमुन्यात अॅसिड घालायचं, नळी बंद करायची, यंत्रात लावून हातानं गरागरा फिरवायची आणि आकडा वाचायचा. काम मला आवडायचं.

पुढे दुष्काळाचं ते वर्ष आलं. पाऊस दडी मारून बसला, विहिरींचे तळ दिसायला लागले, गावातली निम्मी जनावरं चारा छावणीत गेली आणि डेअरीतले कॅन अर्धे भरायला लागले. आमच्या मालकांचं शेत पडून होतं, घरात माझा पगार तेवढा सुरू. त्यामुळे माहेरी, धर्मापुरीला, बाळंतपण आटोपून आले ती लगेचच कामावर रुजू झाले. अश्विनी अंगावर पीत होती म्हणून तिलाही सोबत न्यायची. पोर गोड होती, रडकी अजिबात नव्हती. मग झालं तरी काय, असं कुणी विचारेल. मलाही तेच कळत नव्हतं. तिला उचललं की मनात एक चित्र उभं राहायचं, की आपल्याच हातून हिला काहीतरी होतंय. विहिरीजवळून जाताना, विळीवर भाजी चिरताना, आणि डेअरीत तर अॅसिडची बाटली समोरच. मला तसं काही करायचं नव्हतं हो. तसं होईल या भीतीनंच माझा जीव अर्धा झाला होता. दूध पाजून झालं की मी तिला जी कोणी बाई दिसेल तिच्या हातात देऊन टाकायची. गावात बोललं जाऊ लागलं की मुलगी झाली म्हणून मंगल तोंड फिरवते. घरी सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, रोज मीठ-मिरच्या ओवाळून चुलीत टाकायच्या. मिरच्यांचा ठसका सगळ्या घराला लागायचा, मी मात्र होते तशीच.

माझे आकडे चुकायला लागले. एकीच्या म्हशीचं फॅट दुसरीच्या नावावर जायला लागलं आणि बाया चिडल्या. अण्णा रागावले नाहीत. ते मान पुढे काढून माझ्याकडे बघत राहिले आणि त्यांच्या परीनं त्यांनी उपाय काढला. दूध-दुभत्यातल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. व्यालेलं जनावर गर्दीत बांधायचं नाही. त्याला आडोसा करायचा, शांत ठेवायचं, वासराजवळ राहू द्यायचं, उगाच कुणी जवळ जायचं नाही. अण्णांनी माझ्यासाठी तेच केलं. पेंडीच्या खोलीतली पोती एका बाजूला रचली. ज्या बाया माझ्यावर चिडल्या होत्या त्यांनीच फरशी पुसली, एकीनं आपल्या जुन्या लुगड्याची झोळी आणून बांधली, एकीनं डिंकाचा लाडू हातावर ठेवला. "आता निवांत बस बरं," अण्णा म्हणाले, "कुणीबी हिकडं फिरकणार न्हाई." आणि दार ओढून सगळे गेले. एवढी माया त्या गावानं मला आधी कधी केली नव्हती, आणि मला मात्र वाटलं की आता संपलं. बंद खोलीत मी आणि ती, दोघीच. तिला झोळीत टाकून मी लांबच्या कोपऱ्यात जाऊन बसले, दोन्ही हात मांडीखाली दाबून. ती रडायला लागली तरी मला उठवेना. शेवटी उठले ती तिच्याकडे गेलेच नाही, दार उघडून तडक बाहेर आले, दुधाच्या रांगेत शिरले आणि एका कॅनची कडी घट्ट धरून उभी राहिले. "पोरीला घ्या कुणीतरी," म्हणाले. एक बाई आत धावली.

दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, याड लागलं का बाई तुला? अण्णा कॅन उपडा घालून माझ्यासमोर बसले. "कावून गं मंगल?"

"काही नाही, अण्णा."

"काही न्हाई कसं? आमी चांगलं म्हणून केलं, ते उलटं कावून झालं? मला कळू तर दे."

आणि ते गप्प बसले. एवढा बडबड्या माणूस, पण प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट मात्र बघायचे. वाट बघताना त्यांच्या चेहऱ्यावर राग नसायचा, कीवही नसायची. लहान मूल मुंग्यांचं वारूळ बघतं तसं ते माणसाकडे बघायचे. मी सांगून टाकलं, सगळं, त्या चित्रासकट. 'असं बोलू नये', 'देवाचं नाव घे' हे काही न म्हणता त्यांनी पुढचा प्रश्न केला, "अन् बाया भवताली आसल्या की येतं का त्ये?" मी म्हणाले, कमी येतं. "मंजी मी तुला नेमकं नको तिथंच कोंडलं की गं!" असं म्हणून त्यांनी कपाळावर हात मारला. "मला यातलं काय बी कळत न्हाई. ज्येला कळतं त्येला इचारू."

संध्याकाळी ते आमच्या ओट्यावर हजर. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मनाचे डॉक्टर असतात, तिथं न्यायचं म्हणाले. आत्याबाई भडकल्या. "गाव काय म्हनंल? सून याडी हाय म्हनंल. नांदवायची हाय का न्हाई तिला आमाला?" आमचे मालक खाली मान घालून दोरी वळत बसलेले. याडी ठरले तर पोर माझ्यापाशी ठेवणार नाहीत हे मला स्वच्छ दिसत होतं. आणि तिला माझ्यापासून लांब ठेवावं असं मलाच वाटत होतं, तरी तिला नेतील या विचारानं रडूही फुटत होतं. अण्णा वाद घालतील असं वाटलं होतं. त्यांनी काय करावं? चहाची बशी खाली ठेवली आणि विचारलं, "वैनी, गंगाधर झालता तवा तुमाला कसं वाटलतं?" गंगाधर म्हणजे आमचे मालक, तिथंच बसलेले. आत्याबाई म्हणाल्या, "कसं वाटायचं? वाटलं तसंच." अण्णा थांबले. ते थांबले म्हणजे समोरच्याला बोलावंच लागायचं... "त्याचं तोंड बघू वाटत न्हवतं," आत्याबाई एकदम म्हणाल्या. "शेतात पाचटावर टाकून मी लांब जाऊन बसायची. कुणाला सांगती?" मालकांच्या हातातली दोरी तशीच राहिली. "बापरे," अण्णा म्हणाले, "मंग कवा गेलं वो त्ये?" त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. आत्याबाईंनी डोळ्यांना पदर लावला. दुसऱ्या दिवशी जीपमध्ये माझ्याशेजारी त्याच बसल्या होत्या, पोरीला मांडीवर घेऊन.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई तरुण होत्या. त्यांनी सांगितलं की हा आजार आहे, बाळंतपणानंतर अनेकींना होतो, आणि असे विचार मनात आले म्हणजे आई वाईट असं नसतं. पोरीची काळजी असते म्हणूनच त्या विचारांची इतकी भीती वाटते. औषध लिहून दिलं, आणि काही दिवस बाळासोबत मला एकटीला ठेवू नका असं बजावलं. अण्णांनी त्यांना एवढे प्रश्न विचारले की शेवटी त्या हसून म्हणाल्या, "काका, पेशंट नेमकं कोण आहे?" तरी निघता निघता एक राहिलाच होता, "बाप्यामाणसालाबी व्हतं का हे?" बाई म्हणाल्या, "होतं की. बापालाही जड जातं, पण त्याला कुणी विचारत नाही." अण्णा जीपमध्ये बसेपर्यंत त्यावर मान हलवत होते.

गावात आल्यावर त्यांनी पेंडीच्या खोलीतली झोळी सोडली आणि डेअरीच्या ऐन मध्यावर बांधली, जिथं दुधाची रांग लागते. येणारी प्रत्येक बाई माप देऊन झालं की दोरीला एक झोका देऊन जायची. अॅसिडची बाटली दुसऱ्या बाईकडे गेली. मी यंत्र फिरवायची आणि आकडे वाचायची. बैठकीत एक सभासद कुरकुरले, "दुष्काळात एका कामाला दोन बाया कशाला?" अण्णा म्हणाले, "छावणीत एका म्हशीमागं घरची दोन माणसं बसत्यात. तवा न्हाई इचारलं तुमी." सगळे हसले आणि पद्धत पडली. बाळंतीण कामावर परतली की ती स्वतः होऊन 'आता नको' म्हणेपर्यंत तिच्या जोडीला एक बाई. मला ते म्हणायला बरेच महिने लागले. औषध हळूहळू लागू पडलं. ती भीती एका दिवसात गेली नाही. आधी उशिरा यायला लागली, मग आली तरी लवकर जायला लागली. एक दिवस रांगेतल्या बायांशी बोलता बोलता मी अश्विनीला कडेवर घेतलं आणि घेतलंय हेही माझ्या लक्षात आलं नाही. अण्णांच्या आलं. ते काही बोलले नाहीत, आणि एवढी एकच गोष्ट त्यांनी जन्मात विचारायची सोडली असेल.

पुढे कुणालाही मूल झालं की अण्णा बाळाची चौकशी नंतर करायचे. आधी आईला, "तुझं कसं हाय?" मग बापाला गाठायचे. दुधाचा टेम्पो चालवणारा एकजण वैतागून म्हणाला होता, "अण्णा, पोरगं बायकोला झालंय, मला न्हाई!" आणि मग त्याच टेम्पोच्या पायरीवर बसून तासभर बोलत होता.

मला मात्र एक कोडं कायम होतं. हा माणूस असा कशामुळे झाला? घरात काही घडलं होतं का, कुणाला गमावलं होतं का? दिवसकार्य झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले आणि त्यांच्या मंडळींना, वैनींना, विचारलंच. त्या इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसल्या असाव्यात. "काय बी घडलं न्हाई गं. त्यान्ला कळायचं न्हाई, म्हणून इचारायचे. लगीन होऊन आले त्या पयल्या दिवशी मला इचारलं, तुला हितं भ्या वाटतंय का? मी म्हनलं, लई वाटतंय. तर म्हनले, मलाबी." मग मी माझा प्रश्न बाजूला ठेवला आणि त्यांना विचारलं, वैनी, तुमचं कसं आहे? दुपारभर बसले मी तिथं.

अश्विनी आता लातूरला नोकरी करते. तिला मुलगा झालाय, आणि ती पुन्हा कामावर जायला लागलीय. मागच्या रविवारी मी तिच्याकडे गेले होते. जावई बाहेर गेले होते, घरात आम्ही दोघी आणि बाळ. "आई, अण्णा आपले कोण लागत होते गं?" तिनं विचारलं. "ते गेले तेव्हा फोनवर एवढी का रडलीस?" आजवर मी तिला हे कधी सांगितलं नव्हतं. सांगून तिच्या नजरेतून उतरले तर, नातवाला माझ्याकडे देताना तिचा हात अडखळला तर... या भीतीनं इतकी वर्षं तोंड शिवून होते. पण अण्णांचं नाव निघालं आणि खोटं बोलवेना. मी सांगितलं. चित्र, झोळी, पेंडीची खोली, सगळं. ती ऐकत होती. बाळ तिच्या मांडीवर होतं आणि ती त्याच्या पायाची बोटं चाचपत होती.

"बाहेर पळालीस तेव्हा मी रडत होते?" तिनं विचारलं.

"हो."

"आणि मग न घाबरता कधी घेतलंस मला?"

"बऱ्याच दिवसांनी."

ती उठली, बाळाला माझ्या मांडीवर ठेवलं, त्याचं टोपडं सारखं केलं. "धर याला," म्हणाली, "केस धुऊन येते, वेळ लागेल." मग टॉवेल घेऊन ती न्हाणीघरात गेली आणि तिनं आतून कडी लावून घेतली.