आत्याच्या चित्रातला परका हात

मैद्याची खळ शिजत आली की तिचा कोमट, किंचित आंबूस वास घरभर हिंडतो आणि मला रत्नागिरीतलं ते प्रदर्शन आठवतं. तुम्हालाही असा एखादा वास गाठून कुठेतरी नेत असेलच. बाजारात तयार डिंक मिळतो, पण मी हट्टी; कोलाजचे कागद खळीनेच चिकटवते.

माझी आत्या हर्णे बंदरावर मासळी विकते. संध्याकाळी लिलावाला पर्यटक येतात, फोटोंवर फोटो काढतात, पण त्यांचा सगळा जीव सुरमईवर. आत्याचा फोटोत येतो तो फक्त हात: मासा उचललेला, बर्फ सारणारा, भाव सांगताना हवेत गेलेला. सारा जन्म बंदरावर गेला, पण तिचा चेहरा धड असा एकाही फोटोत नाही. याचा मला मनस्वी राग येई. शेवटी ओळखीपाळखीच्यांकडून तसले फोटो मागवले, त्यांतले हात कापून मोठ्या कागदावर लावले. हातांचंच लुगडं झालं. वर कोळशाने तिचा चेहरा रेखाटला. सुरकुती न सुरकुती मला पाठ होती.

चित्र प्रदर्शनात लागणार हे आत्याला कळलं तशी ती कडाडली. "जित्या मानसाला कोन भितीवर टांगतं? मी मेल्यावर कर काय ता." आमच्याकडे भिंतीवर मोठा फोटो लागला की त्याला हार आलाच, त्यामुळे तिचंही चुकत नव्हतं. तिने माझ्याशी बोलणं टाकलं. जिच्यासाठी केलं तिनेच पाहिलं नाही तर काय उपयोग, या विचाराने मला अन्न गोड लागेना.

प्रदर्शन सुरू झालं आणि त्याच दुपारी ती आली, ठेवणीतलं लुगडं नेसून, केसांत अबोली माळून. नेमके तेव्हाच एक आजोबा चपला काढून, हात जोडून चित्रापुढे उभे होते. त्यांनी हलकेच मला विचारलं, "कधी गेल्या?"

"कुठं जातंय मी?" मागून आत्याच बोलली. "ही काय, हुबी हाय."

आजोबा ओशाळले. आत्या मात्र अशी खळखळून हसली की दालनातली माणसं गोळा झाली. मग ती पुढे झाली, एकेक हात निरखू लागली आणि एकावर बोट ठेवून म्हणाली, "ह्यो माजा नाय. माज्या बाजूला बसते, तिचा. करंगळी बग, वाकडी."

मी चरकले. म्हटलं, आत्ता काढते.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "तिचा तरी कोनी काढलाय फोटू?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस्टीने ती त्या बाईलाच घेऊन आली. दोघींनी चित्राजवळ ठाण मांडलं आणि येईल त्याला सांगत बसल्या, ह्यो माजा, ह्यो तिचा. कागद कधीतरी पिवळा पडेल, कोळसा पुसट होईल. काळाला कोण अडवणार? पण त्या दिवशी सारी माणसं त्या दोघींच्या तोंडाकडे बघत होती, आणि मासळीचं कुणी नावही काढलं नाही.