आरतीतला लांब सूर

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही दादाला ओळखत नाही — आणि ओळखत असता, तर सांगितलं असतं का? नसतं.

आमचा गणपती वर्तकनगरला, थोरल्या भावाकडे बसतो. मी डोंबिवलीहून जातो. विठ्ठलाच्या आरतीत एका ठिकाणी सूर एका दमात ताणायचा असतो. तुमच्याकडेही कुणीतरी ताणत असेलच. आमच्याकडे दादा ताणायचा. शेजारपाजारचे सेकंद मोजत उभे राहायचे. मी दरवर्षी जीव खाऊन ओढायचो आणि त्याच्या आधीच फुस्स व्हायचो. मग तो डोळा मारायचा. पन्नाशीला आलो तरी त्या डोळा मारण्याने माझं डोकं फिरायचं — हसू येतंय ना? मलाही यायला हवं होतं.

गेल्या वर्षी दादाला विषाणूचा न्यूमोनिया झाला. अठरा दिवस हॉस्पिटल, त्यातले सहा आयसीयूत. वाचला. दोन महिन्यांनी तपासणीला मी त्याला घेऊन गेलो. वहिनी थकली होती, तिला मीच घरी थांबवलं. बोटाला ऑक्सिमीटर लावून दादाला बाहेर सहा मिनिटं चालवत होते, तेवढ्यात डॉक्टरांनी मला आत त्याची फुप्फुसं स्क्रीनवर दाखवली. दोन्हीकडे, तळाशी, पांढरी जाळी. हे व्रण राहणार, म्हणाले, वाढूही शकतात. औषध लगेच सुरू करू, म्हणजे आवर घालता येईल. धूर नको, दम लागेल असं काही नको, तीन महिन्यांनी परत या. "तुम्ही त्यांना नीट समजावून सांगा," म्हणाले आणि फाइल माझ्या हातात दिली.

रिक्षात दादाने विचारलं, "काय रे सुध्या, काय म्हणाले डॉक्टर?"

मी म्हणालो, "सगळं क्लिअर. तुझी चालायची सवय गेलीय, बाकी काही नाही."

का? तो घाबरेल म्हणून? — हे उत्तर मी स्वतःला फार दिवस दिलं. खोटं आहे. त्या रिक्षात माझ्या डोक्यात गणपती होता, पंधरवड्यावर आलेला. दादाची छाती अधू झालीय हे सगळ्यांना कळलं असतं, तर तो गायलाच नसता. आणि गायला असता, तरी आजाऱ्याला हरवण्याला कोण जिंकणं म्हणतं? मला बरा झालेला दादा हवा होता. निदान लोकांच्या लेखी. त्या संध्याकाळी वहिनीने कॉलनीत पेढे वाटले. मीही दोन खाल्ले.

आणि मी जिंकलो. खोली धुपाने भरलेली, दादा माझ्यासमोर. त्याचा सूर मध्येच तुटला, खोकला सुरू झाला, ओठ जांभळट दिसत होते. ते मी पाहिलं — आणि थांबलो नाही. तो टेबल धरून खोकत होता आणि मी ताणत राहिलो, टाळ्या पडेपर्यंत. नंतर दादानेच माझी पाठ थोपटली.

फाइल माझ्या कपाटात आहे, जुन्या स्वेटरांखाली. औषध सुरू झालंच नाही. तीन महिने गेले, मग सहा. दादा दोन जिने चढताना मध्ये बसतो आणि स्वतःलाच आळशी म्हणतो. वहिनी डॉक्टरकडे चला म्हणते, तर तो म्हणतो, सुध्याने बघितलंय सगळं. किती वेळा फोन हातात घेतला मी! पण आता सांगायचं, तर इतके महिने का नाही सांगितलं, तेही सांगावं लागेल.

यंदाचा गणपती तीन आठवड्यांवर आलाय. दादा इरेला पेटलाय. रोज संध्याकाळी फोन करतो, तिकडून सूर लावतो आणि मला सेकंद मोजायला लावतो. सुरुवातीला सतरा होते. मग तेरा. सूर तुटला की नुसता श्वास ऐकू येतो आणि मागून वहिनीचं "पाणी घ्या."

काल नऊ.

"वाढतंय ना रे?" त्याने विचारलं.

मी म्हणालो, "वाढतंय."