सोळा बोल्ट

सिरक्याच्या कारखान्यात टाक्या सांभाळणाऱ्या आक्काला सगळे ‘मेणबत्तीवाली’ म्हणून चिडवत. चिडवोत बापडे. फळांचा रस बंद टाकीत आंबत असताना त्यातल्या यीस्टच्या पेशींना प्राणवायू मिळत नाही. पण त्या चिवट! त्याच्यावाचूनही साखर फोडतात, जेमतेम जगण्यापुरती ऊर्जा काढतात आणि मद्यार्क नि कार्बन डायऑक्साइड मागे टाकतात. हा वायू हवेपेक्षा जड, तळाशी दबा धरून बसतो. म्हणून आक्का आधी दोरीने पेटती मेणबत्ती आत सोडायची. विझली, तर कुणी उतरायचं नाही.

त्या सकाळी ती अर्ध्यावरच विझली. दोन तास पंखा लावू, मग उतर, असं धाकट्या भावाला बजावून आक्का वायर आणायला गेली. भाऊ फिटर, आतली गळकी तोटी बदलायला आलेला, कायम घाईवर. रस काल काढला, टाकी रिकामी, आता कसला वायू, असं त्याचं गणित. तळाला वीतभर गाळ होता आणि त्यातल्या पेशींचं काम चालूच होतं, हे या शहाण्याच्या डोक्यातच आलं नाही. खालचं दार उघडायचं तर सोळा बोल्ट सोडवायचे. त्याचा कंटाळा, म्हणून गडी वरून शिडीने उतरला.

आक्का परतली तेव्हा तो तळाशी आडवा होता. बाटल्या धुणारी त्याची बायको शिडीकडे धावली. आक्काने तिला दंडाला धरून मागे ओढलं.

“सोडा मला, वन्सं. तो मरतोय.”

“तू उतरलीस तर दोघं मराल. पाना घे.”

पंखा चालू करून त्याचा पाइप वरून भावाच्या डोक्यापाशी सोडला आणि दोघी खालच्या बोल्टांना झोंबल्या. भावजय रडत शिव्या घालत होती, आक्का ऐकून घेत होती. नववा बोल्ट गंजलेला, हलेना. आई गेल्यावर आक्कानेच भावाला वाढवलं होतं. दोघींनी पान्यावर अंग टाकलं, तेव्हा कुठे बोल्ट करकरला. सोळावा सुटताच तिने भावजयीला बाजूला ढकललं, वायू बाहेर वाहू दिला, मग श्वास रोखून भावाचे पाय धरले आणि ओढलं.

ओठ निळे पडले होते. ती छाती दाबत राहिली, तोंडाने श्वास भरत राहिली. अखेर तो खोकला आणि पुटपुटला, “टाकी रिकामी होती गं, आक्का.”

आक्काने त्याच्या खाडकन मुस्काटात ठेवून दिली. मग त्याला कवटाळून असं भोकाड पसरलं, की शेवटी भावजयीलाच तिची समजूत काढावी लागली.