टेक्ला लेकीकडे निघाली

माझे सासरे स्टेफन एप्रिलमध्ये गेले. दफन झाल्यावर चर्चच्या तळघरात माझी सासू टेक्ला आलेल्या बायकांना स्वतःच्या हातानं बटाट्याच्या पिरोही, म्हणजे उकडलेल्या करंज्या, वाढत होती. "खा गं, गार झाल्या की चामडं होतं त्यांचं," म्हणत होती. एकीनं माझ्या कानात म्हटलं, "नदीन, तुझ्या सासूचं काळीज कशाचं आहे ग?" मला तरी कुठं ठाऊक होतं?

जूनच्या सुरुवातीला टेक्ला सकाळीच आमच्याकडे आली. कॉफीचा मग पुढ्यात घेऊन रसेलला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, म्हणाली, "अंगणातला तुमचा तो डबा चालतो का अजून?"

डबा म्हणजे आमचा ट्रेलर. त्यात दोन बिछाने, एक मोरी आणि गॅसची छोटी भट्टी. दर उन्हाळ्यात ट्रकला जोडून आम्ही तळ्याकाठी चार दिवस राहून यायचो. टेक्ला कधी आली नाही. 'घर असताना डब्यात कशाला झोपायचं?' असं तिचं म्हणणं.

"चालतो की. का ग आई?"

"मला आयरीनकडे जायचंय."

आयरीन ही रसेलची मोठी बहीण. तो जन्मायच्या आधीच, सगळे उत्तरेत खाणीच्या वसाहतीत राहत होते तेव्हा, चार वर्षांची असताना ती वारली. नाताळात तिच्या नावाची एक मेणबत्ती लागायची, आणि पुढं वर्षभर घरात तिचं नाव निघायचं नाही. रसेलनंही कधी विचारलं नव्हतं.

"इतकी वर्षं कधी बोलली नाहीस," तो म्हणाला.

"तुझा बाप असता तर आजही बोलले नसते. त्याचे पाय त्या दिशेला वळत नव्हते. आणि त्याला एकट्याला मागं ठेवून मला जायचं नव्हतं."

ऐंशीला टेकलेली बाई. गुडघे गेलेले, एका कानानं ऐकू कमी. पण शाळा सुटल्या त्या आठवड्यात आम्ही आमच्या गावाहून, ग्रँड प्रेरीहून, उत्तरेकडे निघालो. रसेल गाडीवर, टेक्ला त्याच्या शेजारी, मागं मी आणि आमची तेरा वर्षांची ब्रिन.

डॉसन क्रीक मागं पडलं, फोर्ट नेल्सन मागं पडलं. नंतर स्प्रूसची सूचीपर्णी झाडं, आणखी स्प्रूसची झाडं, मध्येच एखादी नदी. घाटात ट्रेलरचं ओझं जाणवायला लागलं की रसेल हळू चालवायचा.

"गाडी हाकतोयस की वरात काढलीयस?" टेक्ला म्हणायची.

"आई, मागं घर बांधलंय आपण."

"तुझा बाप याच रस्त्यानं, साध्या मातीवरून गेला. मी मांडीवर शिलाईमशीन घेऊन बसले होते. त्यानं एवढी कुरकुर केली नाही."

"मशीननं तरी केली असेल," ब्रिन म्हणाली, आणि टेक्ला खळखळून हसली. मंचो तळ्याच्या अलीकडे रानगव्यांचा कळप रस्त्यात बसला होता. रसेलनं हॉर्न वाजवला. एकानं मान वळवून पाहिलं आणि परत रवंथ करायला लागला. "बघ, तुझ्यासारखाच आहे," टेक्ला मला म्हणाली, "हाक मारली तरी जागचा हलत नाही." मी ते मनाला लावून घेतलं नाही. तिच्या जिभेची मला सवय होती.

लियार्डच्या गरम झऱ्यांपाशी आमचा मुक्काम होता. दुपारी आम्ही दोघी पाण्यात बसलो होतो. रसेल आणि ब्रिन पार पलीकडच्या टोकाला. गंधकाचा वास, पाण्यावर वाफ. टेक्लानं डोळे मिटले होते. मला वाटलं, तिला डुलकी लागली.

"जानेवारी होता," ती एकदम म्हणाली.

मी तिच्याकडे वळले.

"पोरीचा घसा सुजला. श्वास घेताना शिट्टी वाजायची. डॉक्टर होता तो लांब, वॉटसन लेक गावात. स्टेफननं तिला घोंगडीत गुंडाळलं आणि खाणीच्या ट्रकमधून निघाला. मी म्हटलं, मीही येते. तो म्हणाला, ड्रायव्हर आहे, पुढं तुला जागा कुठली? मी खिडकीतून हात हलवला. तिनंही हलवला. खिंडीत बर्फानं रस्ता बुजलेला. अडकले तिथं. दुसऱ्या दिवशी परत आले, तेव्हा स्टेफननं घोंगडी तिच्या तोंडावर ओढली होती. तेवढ्यावरून समजायचं ते समजले मी."

"टेक्ला..."

"थांब, बोलू दे. जमीन दगडासारखी गोठलेली, कुदळ लागेना. तिकडं हिवाळ्यात मेलेल्यानं उन्हाळ्याची वाट बघायची. खोक्यात घालून तिला अवजारांच्या कोठीत ठेवली, मे महिन्यापर्यंत. मी खाणकामगारांच्या भटारखान्यात पाव भाजायला होते. जायची वाट त्या कोठीवरूनच. पहिले काही दिवस दारावर हात ठेवून पुढं जायचे. मग थंडी इतकी वाढली की हातमोजा लोखंडाला चिकटायला लागला. सोडून दिलं."

"आणि स्टेफन?"

"तो दुसऱ्या वाटेनं जायचा, लांबच्या. ती ट्रकमध्ये कुठल्या वळणावर गेली, हे मी त्याला कधी विचारलं नाही. त्यानंही सांगितलं नाही. पन्नास वर्षं एका ताटात जेवलो, पण हे नाही."

एवढं बोलून ती उठली. "बोटं सुरकुतली माझी. चल."

वॉटसन लेकला ट्रेलरच्या भट्टीत तिनं वेणी घातलेला गोल, गोड पाव भाजला. आमच्याकडे कबरीवर नेतात तो. भट्टी एवढीशी, पाव एका बाजूनं करपला. तिनं करपलेला भाग सुरीनं खरवडून काढला. ब्रिन म्हणाली, "आजी, राहू दे ना, कोण बघणार आहे?" तर म्हणाली, "ती बघेल. लहानपणापासून नखरेल आहे."

तिथून पुढं खडीचा रस्ता. ट्रेलरचं एक टायर फुटलं, डासांनी आम्हाला फोडून काढलं, पण टेक्ला रस्त्यावर उभी राहून रसेलला बजावत होती, "नीट आवळ, नीट आवळ," जणू लेकीच्या लग्नाला उशीर होत होता.

वसाहतीच्या फाट्यावर अँब्रोज नावाचा तिथल्या मूळच्या कास्का जमातीचा म्हातारा आपल्या पिकअपपाशी मासे साफ करत होता. रसेलनं त्याला टँगल क्रीकच्या खाणीची वसाहत विचारली.

"आता तिथं काही नाही बाबा. खाण मिटली, घरं ओढून नेली, उरलेलं बुलडोझरनं सपाट केलं."

"स्मशान तरी असेल?" टेक्लानं काच खाली करून विचारलं.

त्यानं तिच्याकडे पाहिलं, हात पँटला पुसले आणि टोपी काढली. "कोण आहे तुमचं तिथं?"

"मुलगी."

"वणवा गेला ग बाई त्या टेकडीवरून, काही वर्षांपूर्वी. क्रूस लाकडाचेच होते सगळे."

तो पुढं होऊन आम्हाला घेऊन गेला. टेकडीवर काळी, सरळ उभी, जळकी खोडं, आणि त्यांच्यामधून कमरेइतकी गुलाबी-जांभळी फुलं. वणव्यानंतर हीच पहिली येतात. कुंपण नाही, दगड नाही, जमिनीला उंचवटासुद्धा नाही. अँब्रोज म्हणाला, "इथंच कुठंतरी होतं," आणि आम्हाला सोडून खाली गेला.

आम्ही शोधलं. फुलं हातानं बाजूला सारून मातीकडे बघत गेलो. ब्रिनला एक गंजका खिळा सापडला, तेवढंच. टेक्ला मध्ये उभी राहून नदीकडे बघायची, डोंगराकडे बघायची, काही खूण पटते का पाहायची. "झाडं होती तेव्हा," ती म्हणाली. "झाडांवरून लक्षात ठेवलं होतं मी."

शेवटी रसेल एका जागी थांबला. "आई, इथं. इथं जमीन जरा खचलीय बघ. हीच असणार."

"रसेल, मला खोटं सांगू नकोस."

तो खाली बसला. दोन्ही हातांत तोंड धरून रडायला लागला. ज्या बहिणीला कधी पाहिलं नाही, तिच्यासाठी. टेक्लानं त्याच्या डोक्यावर हात ठेवला, बराच वेळ. मग माझ्याकडून पाव मागून घेतला. तो मोडून, चुरा करत ती टेकडीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालली. गुडघा अडला की थांबायची. ब्रिन हात धरायला गेली, तिनं धरू दिला. "ही एकटी नव्हती इथं," ती म्हणाली. "दुसऱ्यांचीही पोरं होती. खाऊ दे सगळ्यांना."

परत फिरताना दुसऱ्या दिवशी ब्रिननं मागून विचारलं, "आजी, ती कशी होती?"

"बापाच्या बुटांत लापशी ओतायची. वर सांगायची, बुटांना भूक लागली होती." टेक्ला हसली, आणि मग काचेकडे तोंड करून म्हणाली, "तोंड आठवत नाही ग. फोटो काढलाच नाही. पुढच्या उन्हाळ्यात काढू म्हणत होतो."

घरी पोचलो, तरी ती ट्रेलरमधून आत यायला तयार होईना. अंगणातच राहिली, बर्फ पडेपर्यंत. काय करायची? बसायची. कधी भट्टी पेटवायची. मी सूप नेऊन दिलं की म्हणायची, "मीठ कमी आहे," आणि संपवायची. मला वाटतं, आत आली असती तर प्रवास संपला असता. मी तिला आग्रह केला नाही.

ती त्यानंतर तिसऱ्या वर्षी मार्चमध्ये गेली, झोपेतच. स्टेफनच्या शेजारी जागा होतीच. रसेलनं ठरवलं, दगडावर दोघांच्या खाली आयरीनचंही नाव कोरायचं. दगड घडवणाऱ्यानं विचारलं, "जन्मतारीख काय घालू?"

रसेलनं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे. विचारायला कुणी उरलं नव्हतं. दगड घडवणाऱ्यानं नुसतं नाव कोरलं.