भिंगरी थांबेपर्यंत

तुमच्या घरी राहायला आले होते, तेव्हा कपड्यांचं मशीन शेवटचं गरगरायला लागलं की मी हात मागे बांधून त्याच्यासमोर उभी राहायचे. धाकट्याने विचारलं होतं, "आजी, तुला शिक्षा केलीये का?" त्याचं उत्तर आज लिहिते. थोरले, ते तुझ्याबद्दलच आहे.

शिरूरला घराच्या पुढच्या खोलीत मी रक्त तपासायची लॅब चालवायचे. टेबलावर सेंट्रिफ्यूज होतं. त्यात रक्ताची नळी जोरात फिरवली की तांबड्या पेशी तळाशी बसतात आणि वर पिवळं पाणी, म्हणजे सीरम, सुटं होतं. तपासायचं ते हेच पाणी. बायका त्या यंत्राला भिंगरी म्हणायच्या. बटण बंद केल्यावर भिंगरी आपोआप थांबू द्यायची. हाताने अडवली तर झटका बसतो आणि तळाचं सगळं पुन्हा वर येतं. घाई करणाऱ्या प्रत्येकाला मी हे ऐकवायचे.

तुझी आई बाळंतपणाला दौंडहून माहेरी आली होती. तुला आठवडाही झाला नव्हता, आणि कावीळ वाढतच चालली होती. डोळेसुद्धा पिवळे. डॉक्टर म्हणाले, "काविळीचा आकडा फार वर गेला असेल तर पुण्याला नेऊन रक्त बदलावं लागेल. लगेच तपासा." तुझे बाबा दारात जीप सुरू ठेवूनच बसले. वाटेत शिक्रापूरला ट्रकांची रांग असणार, हे माझ्या डोक्यातून जाईना.

टाचेतून कसंबसं रक्त मिळालं. पुन्हा टोचायचं धैर्य घरात कुणालाच नव्हतं. तोल राहावा म्हणून समोरच्या नळीत तेवढंच पाणी घेतलं आणि भिंगरी सुरू केली. मी रॅक पुसला. पुसलेला पुन्हा पुसला. खिडकीशी गेले, परत आले. बटण बंद केलं तरी ती फिरतच होती. माझा हात झाकणाकडे गेला.

"ओ बाई!" मागच्या गल्लीतली चाची शुगर तपासायला येऊन बाकावर बसली होती. "रोज आमाला दम देता, भिंगरीला हात लावू नगा म्हनून. आन् आज तुमीच?"

"चाची, नात आहे माझी."

"म्हनून तर म्हनते. लेकराला परत टोचायचं हाय का? हात मागं बांधा, शाळंतल्यावानी."

बांधले. भिंगरी थांबली. वर हळदीच्या पाण्यासारखं सीरम होतं. रसायन घातलं, आकडा पाहिला. विश्वास बसेना, म्हणून उरलेल्या थेंबांवर पुन्हा पाहिला. डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, पुण्याला नको, कावीळ उतरेपर्यंत इथेच निळ्या दिव्याखाली ठेवू.

"मग जीप सुरूच हाय तर पेढे आनायला धाडा," चाची म्हणाली.

"आणि तुमची शुगर?"

"ती उद्या बघू. आज पेढा हाय."

मी आधी तिचं रक्त घेतलं. नळी भिंगरीत ठेवली आणि हात मागे बांधून उभी राहिले.