नांगराच्या लाकडाची गिरणी

साल २०२२. मी एकाहत्तर वर्षांचा होतो, आणि त्या वर्षी मी घरचा नांगर कापला.

का कापला, असं लोक अजून विचारतात. म्हणून एकदा लिहून टाकतो. शाळा माझी चौथीत सुटली. ज्याला अक्षराला नावं ठेवायची त्याने खुशाल ठेवावीत.

माण गावात आमचं रान होतं तिथे आता कंपनीच्या काचा चमकतात. उरली ती घराभोवतीची जागा. तिथे मुलाने खोल्या काढून भाड्याने दिल्या. मी त्यावर रडत बसलो नाही. जमीन गेली, हात जागेवर होते. फक्त हातांना काम नव्हतं, आणि बिनकामाचा हात हा माणसाला खातो.

एक बैलांचा गोठा तेवढा राहिला होता, रिकामा. आमच्याकडे एक भाडेकरू पोरगा होता, लातूरकडचा, कंपनीत कामाला. त्याने त्या गोठ्यात लाकूड फिरवायचं छोटं यंत्र ठेवायची परवानगी मागितली. लेथ म्हणतात त्याला. सुट्टीच्या दिवशी तो त्यावर मिरी दळायच्या गिरण्या करायचा. वीतभर उंचीची लाकडी बाहुली समजा. पोटात काळी मिरी भरायची, डोकं पिळायचं, की खालून पूड पडते.

मी पहिल्यांदा हसलो. "आरं, मिरं कुटायला खलबत्ता असतोय. त्याच्यासाठी कारखाना कशाला काढला?"

तो म्हणाला, "आबा, एकदा पटाशी धरून तर बघा."

धरली. गरगर फिरणाऱ्या लाकडाला धार टेकवली आणि ढलपी सुटली ती थेट माझ्या मिशीवर. नांगराच्या मुठीतून जमीन कळते, कुठे मऊ, कुठे खाली खडक. तसं पटाशीतून लाकूड कळायला लागलं. कुठे गाठ, कुठे आडवी शीर. हात विसरलेले नव्हते. मला त्या दिवशी जेवायला दोनदा हाक मारावी लागली.

वर्षभराने त्या पोराला परदेशी जावं लागलं. लेथ आणि गिरणीच्या आत बसवायच्या पोलादी भागांचा खोका तो मला देऊन गेला.

"आबा, इकू नका हं," जाताना माझ्या बोलीत म्हणाला.

"मी काय भंगारवाला हाय व्हय?"

पहिल्या तीन गिरण्या वाया गेल्या. ओल्या बाभळीच्या केल्या होत्या. महिन्याभरात लाकूड आक्रसलं, गोल भोक लांबट झालं, वरची टोपी फिरेना. चूक मला ठाऊक होती. बाभळीचं लाकूड वर्षभर विहिरीत बुडवून ठेवायचं, मग सावलीत वाळवायचं आणि मगच त्याला हत्यार लावायचं, हे बापाने शिकवलेलं. पण आमच्या बुजवलेल्या विहिरीवर आता भाडेकरूंच्या मोटारसायकली उभ्या असतात. बुडवू कुठे? बालदीत?

वाळलेली, मुरलेली बाभूळ घरात एकच होती. नांगर.

मुलाच्या मनात त्या नांगराचं वेगळंच चाललं होतं. फाटकाशेजारी त्याने फरशी लावून सुंदर ओटा बांधून घेतला होता. नांगराला रंग द्यायचा, त्या ओट्यावर उभा करायचा, वरून दिवा सोडायचा.

"आबा, लोक फोटो काढतील. आपली वळख ऱ्हाईल," तो म्हणाला.

"वळख रंगवून ठेवायची असती व्हय? मग मलाबी रंगव आन् उभा कर त्याच्या शेजारी."

तो हसला. त्याला वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मी दुपारी करवत घेतली.

तीन दिवस तो माझ्याशी बोलला नाही. भावकीतले दोघे-तिघे येऊन बघून गेले. एक म्हणाला, "बापाचा नांगर कापला, आता बापाचं नाव पन कापा." मी म्हणालो, बाप असता तर लाकूड वाया जाऊ दिलं नसतं त्याने. जुना नांगर मोडला की त्याच्या पाचरी करायचा तो, खुंट्या करायचा. पूजा दसऱ्याला. बाकीचे दिवस काम.

चौथ्या दिवशी मुलगा बोलला तो गोठ्याविषयी. तिथे दोन खोल्या काढायच्या म्हणाला. "सगळी कंपनीतली पोरं खोली मागत्यात, आबा. आन् तुमी हितं भुसा पाडत बसताय. आजवर तुमची एक तरी गिरणी चाललीया का?"

हे मात्र लागलं. खोटं असतं तर लागलं नसतं.

मी म्हणालो, "रविवारी तुझ्या सासरचं जेवायला येनार हायेत. माझी गिरनी त्यांच्या ताटात मिरं पाडंल. पाडलं तर गोठ्याला हात लावायचा न्हाई. न्हाई पाडलं, तर गवंड्याला बोलाव. गोठा तुझा."

"शब्द?"

"शब्द."

आमची म्हातारी आतून ओरडली, "लई शानं! आधी गिरनी करा, मग पैजा लावा."

चार दिवस मी गोठ्यातून उठलो नाही. नांगराचं लाकूड लोखंडासारखं, पटाशीला दर घटकेला धार लावावी लागे. आतून काळपट लाल रंग निघाला, असा रंग मी कुठल्या दुकानात पाहिला नाही. भोक दोन्ही बाजूंनी पाडलं, ते मधोमध जुळलं. टोपी अंगावर अशी बसली की केस जाणार नाही. खाली खोक्यातले पोलादी दात बसवले, मधून सळई घातली. फिरवून पाहिली. फिरत होती, पण जरा कुरकुरत होती.

आता कुरकुर ऐकली की माझा हात कुठे जाणार? चाळीस वर्षं बैलगाडी हाकली मी. चाक कुरकुरलं की आसाला एरंडेल. फडक्याने सळईला एरंडेल लावलं, दातांना लावलं, वर दोन थेंब जास्तच सोडले. पाहुण्यांपुढे आवाज नको. मग फिरवली तर लोण्यासारखी. मी खूश.

रविवारी पंगत बसली. मुलाचा सासरा म्हणजे माझा व्याही, नेरे गावचा, तोंडाचा तिखट. मटणाचा रस्सा वाढला. मी गिरणीत मिरी भरली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"व्याही, पिळा."

त्याने पिळली. काही पडेना. आणखी पिळली. मग खालून काळा लगदा निघाला आणि रश्श्याच्या कडेला लोंबकळत राहिला. व्याह्याने बोटाने घेतला, हुंगला.

"व्याही, ह्ये मिरं हाय का गाडीचं वंगन?"

त्याने पुन्हा हुंगलं. "एरंडेल! आवो, मटन खाऊ घालताय का जुलाब देताय? उद्या आमी कामावर जायाचं का परसाकडं?"

पंगतीत हशा उठला. म्हातारीने पदर तोंडाला लावला. मुलगा एकटा हसला नाही. तो हसला असता तर बरं झालं असतं.

जेवणं झाल्यावर पाहुणे गेले आणि मुलगा माझ्याजवळ आला. "आबा, ऱ्हाऊ द्या. पुढच्या वर्षी बघू खोल्यांचं."

दया. मला नकोच असते ती. "शब्द दिलाय मी. गवंड्याला आत्ता फोन लाव."

गवंडी लगेच आला. गोठ्यात पांढरी फक्की टाकून त्याने भिंतींच्या रेघा मारल्या. एक रेघ थेट लेथच्या पायाखालून गेली.

मी तिकडे पाहिलं नाही. अंगणात बसून गिरणी खोलली. म्हातारी शेजारी येऊन बसली. म्हणाली, "तेलाच्या हातानं मिरं चोळलं तर चिकटनारच की. इतकं न्हाई कळलं?"

"तवा सांगायचं व्हतं."

"तवा तुमी कुनाचं ऐकत व्हता?"

तिने चुलीतली राख आणून दिली. दात आणि सळई राखेने घासली, ऊन पाण्याने धुतली, पत्र्यावर ठेवली. उन्हं उतरायच्या आत कोरडीठाक झाली. पुन्हा जोडली, मूठभर मिरी टाकली आणि म्हातारीच्या तळहातावर पिळली. कुरकुरली, आणि पूड पडली. बारीक, कोरडी, सारखी. ती शिंकली. पुन्हा शिंकली. डोळे पुसत म्हणाली, "जावा, दावा की त्याला. गोठा वाचंल."

"पंगतीत पडायला पायजे व्हती. आता पडून काय उपेग? शब्द म्हंजे शब्द."

"मग लेथ कुटं ठेवनार? माझ्या डोक्यावर?"

तिने गिरणी उचलली आणि आत नेली. खलबत्त्याच्या शेजारी ठेवलेली मी दारातून पाहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गवंडी यायच्या आधी, मी गोठ्यातून लेथ ओढत बाहेर काढली. लेथ दगडासारखी जड, पण मीही काही हलका नाही. फाटकाशेजारच्या ओट्यावर, जिथे रंगवलेला नांगर उभा राहायचा होता तिथे ती बसवली, दिव्यासाठी सोडलेल्या वायरीला जोडली, नांगराचा दुसरा तुकडा लावला आणि सुरू केली. कंपनीत निघालेली पोरं थांबून बघायला लागली. मुलगा दात घासत बाहेर आला आणि ब्रश तोंडात तसाच धरून उभा राहिला.

"गोठा तुला दिला," मी म्हणालो. "लेथचं बोलनं झालं नव्हतं."

आणि पटाशी टेकवली.