विंडोज की अँड्रॉइड: तो निर्णय माझा होता

आमच्या भागात बुद्धिबळ जुन्या पद्धतीने खेळायचे. प्यादं सुरुवातीलाही एकच घर चालतं, राजाला डावात एकदा घोड्याची उडी मिळते, आणि प्याद्याने मात केली तर मान जास्त. बाजारातल्या तयार खेळांना हे नियम ठाऊक नाहीत. केळझरकडच्या म्हाताऱ्या खेळाडूंना जोडीदार मिळेनासे झाले, तेव्हा या नियमांनी खेळणारा प्रोग्रॅम आपणच लिहू, असं आम्ही दोघांनी ठरवलं. दुसरे म्हणजे नालवाडीचे एक निवृत्त गणिताचे मास्तर. मी वर्ध्यात कॉम्प्युटर क्लास चालवायचो, आणि मास्तर एकेकाळी माझ्याच क्लासात कॉम्प्युटर शिकले होते.

कोणत्या ऑपरेटिंग सिस्टीमसाठी लिहायचं, इथेच अडलं. मी विंडोज म्हणालो, ते अँड्रॉइड.

"भाऊ, त्या बुढ्यायच्या घरी कॉम्प्युटर कुठी हाय? पोराचा जुना मोबाईल मात्र सगळ्यायच्या खिशात हाय."

"मोबाईलवर काय डाव दिसन त्यायले? सोताचा अंगठा दिसत नाई धड."

"नातवाचा फोटो तं बरोबर दिसते!" मास्तर हसले.

मी हसलो नाही. पडदा मोठा हवा, विचार करायला ताकदवान मशीन हवी, अशी कारणं मी रेटत राहिलो. शेवटी त्यांनी मान डोलावली. ती कारणं खोटी नव्हती, पण खरं कारण वेगळं होतं. विंडोजवरचं काम मला येत होतं. अँड्रॉइडचं मास्तर स्वतःच्या हिमतीवर शिकले होते, आणि मला ते त्यांच्याकडून शिकावं लागलं असतं. त्यांच्या वडिलांना आमच्या दुकानात पाणी वेगळ्या पेल्यातून दिलेलं मी लहानपणी पाहिलं होतं. ते सारं मी केव्हाच मागे टाकलं, असं मी चारचौघांत सांगत असे. मास्तरांसमोर शिकायला बसायची वेळ आली, तेव्हा मी विंडोज धरून बसलो.

प्रोग्रॅम झाला. चांगला झाला. केळझरला गणपतीच्या देवळाजवळ आम्ही लॅपटॉप मांडला. सगळ्यांत जुन्या खेळाडूने, आबाजींनी, पडद्यावर बोट टेकवून घोडा सरकवायला सुरुवात केली. घोडा हलेना. मी त्यांच्या हातात माऊस दिला, तर बाण भलतीकडेच पळू लागला.

"हा उंदीर कायले मधात? बोटानं काऊन नाई चालत?"

मागून एक जण म्हणाला, "आबाजी, घरी खेळाले ह्या पेटीची वरात काढा लागन आता!"

सगळे खदखदून हसले. आणि मी म्हणालो, "मी मोबाईलवरच म्हनत होतो. मास्तरच अडून बसले."

मास्तर शेजारीच उभे होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, खाली वाकून वायर गुंडाळली आणि लॅपटॉप पिशवीत घातला. परतताना बसमध्ये ते वेगळ्या बाकावर बसले.

तेव्हापासून 'मास्तरच्या हट्टानं खेळ बुडाला' हे वाक्य रूढ झालं. माझ्यासमोर लोक ते बोलत, आणि मी चहा पीत ऐकत असे. मास्तर बुद्धिबळाच्या बैठकीला यायचे थांबले. त्यांनी मोबाईलसाठी एकट्याने अर्धंअधिक लिहून ठेवलं होतं, हे मला त्यांच्या मुलीकडून उशिरा कळलं.

गेल्या महिन्यात केळझरचे आबाजी गेले. मी मास्तरांना फोन केला. खरं काय ते सगळ्यांना सांगतो, लिहूनही काढतो, आणि ते मोबाईलवरचं आपण पूर्ण करू, असं म्हणालो. या वेळी मी शिकायला तयार होतो.

मास्तरांनी एवढंच विचारलं,

"खेळाले कोन राह्यलं आता, भाऊ?"

मी आठवून दोन नावं सांगितली. त्यातल्या एकाला आता दिसत नाही, हे मास्तरांनीच मला सांगितलं.

"तुमी लिहा," ते म्हणाले. "पण मले वाचून दाखवाले येऊ नका."